शेंडगाव, दापुरा, वलगाव : गाडगेबाबांच्या आठवणीच्या जागा

अमरावती जिल्ह्याच्या अंजनगाव सुर्जी तालुक्यातील शेंडगाव हे संत गाडगेबाबांचे जन्मगाव. झिंगराजी आणि सखूबाई जाणोरकर या परीट दांपत्याच्या पोटी २३ फेब्रुवारी १८७६ रोजी डेबूजीचा जन्म झाला. गावात त्यांच्या जन्मभूमीचे स्मारक आहे आणि राज्य शासनाने या परिसराच्या विकासाचा आराखडाही हाती घेतला. मात्र बाबांचे बालपण शोधायचे तर शेंडगावात थांबून चालत नाही. झिंगराजी दारूपायी अकाली गेले, तेव्हा डेबूजी जेमतेम आठ वर्षांचा होता. सखूबाई मुलाला घेऊन माहेरी गेली. ते माहेर म्हणजे अकोला जिल्ह्याच्या मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरा. डेबूजी तिथे ढोरे राखत वाढला, शेती शिकला आणि तिथूनच पुढे घर सोडून निघाला. म्हणून या माणसाच्या बालपणाचे घर दोन गावांत, दोन जिल्ह्यांत विभागलेले आहे. मृत्यूची जागा वलगावला पेढी नदीवर आणि समाधी अमरावती शहरात गाडगेनगरला. या चारही जागा पूर्णा आणि तिच्या उपनद्यांच्या काळ्या मातीच्या पट्ट्यात येतात.

गाडगेबाबांची ओळख आता मुख्यतः स्वच्छतेचे संत अशी झाली आहे. राज्य शासनाने २०००-०१ मध्ये त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले आणि खराटा हेच त्यांचे चिन्ह होऊन बसले. ही ओळख खरी असली तरी अपुरी आहे. बाबा ज्यांच्या निर्मूलनासाठी पन्नास वर्षे झिजले त्या गोष्टी म्हणजे अस्पृश्यता, देवापुढचा पशुबळी, दारू, आणि लग्नाकार्यापायी काढलेले कर्ज. त्यांच्या लेखी या चार गोष्टी वेगवेगळ्या नव्हत्या. माणसाला बांधून ठेवणारी ती एकच साखळी होती, आणि तिच्या कड्या त्यांनी स्वतःच्या घरात मोजल्या होत्या.

या साखळीचा एक धागा थेट अमेरिकेपर्यंत जातो. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत गुलामगिरीच्या प्रश्नावरून यादवी युद्ध पेटले. गुलामांच्या कष्टावर पिकणारा तिथला कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला. निजामाकडून १८५३ मध्ये इंग्रजांच्या ताब्यात आलेल्या वऱ्हाडाच्या कापसाला एकाएकी सोन्याचे मोल आले. अमरावती आणि अकोल्याच्या बाजारपेठा फुगल्या, १८६७ पर्यंत रेल्वे वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोचली, बडनेऱ्याहून अमरावतीला फाटा निघाला. युद्ध संपले, अमेरिकेतील गुलाम मुक्त झाले आणि वऱ्हाडातले भाव कोसळले. तेजीच्या भरवशावर काढलेली कर्जे मात्र तशीच राहिली. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक लिहिले आणि गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना ते अर्पण केले. त्यानंतर तीन वर्षांनी डेबूजी जन्मला. त्याच्या वाट्याला आलेले जग याच कापसाचे आणि याच सावकारीचे होते.

दापुऱ्यातली वर्षे बाबांच्या चरित्रकारांनी तपशिलाने सांगितली आहेत. मामा चंद्रभान याच्या घरी डेबूजी पहाटे गोठा झाडायचा, ढोरे रानात न्यायचा आणि दुपारी सोबतच्या गुराख्यांबरोबर शिदोरी सोडायचा. त्या पोरांत सगळ्या जातींची पोरे असत आणि भाकरी सगळ्यांची एकत्र होई. थोडा मोठा झाल्यावर तो वखरणी, डवरणी, पेरणी यांत तरबेज झाला. पूर्णेत पोहण्यात त्याचा हात कुणी धरत नसे. रात्री देवळात भजन असे. शाळेशी त्याचा संबंध आला नाही.

याच घरात सावकारीचा घाव बसला. मामाने घेतलेले कर्ज कागदावर वाढत गेले आणि शेवटी जमीन सावकाराच्या नावावर गेली. त्या धसक्याने मामा खचला आणि मेला. सावकाराची माणसे ताबा घ्यायला वावरात आली, तेव्हा डेबूजी नांगर सोडून त्यांच्यावर धावून गेला आणि त्याने त्यांना हुसकावून लावले. गावाला हा प्रसंग पराक्रम वाटला. बाबांनी पुढे आयुष्यभर कीर्तनातून जे सांगितले, त्यातून वेगळीच शिकवण दिसते : मामाला कागद वाचता आला असता तर वावर गेलेच नसते. शिक्षणाचा त्यांचा आग्रह या वावरातून निघाला आहे. वाचू न शकणाऱ्या माणसाने आयुष्यभर शाळांसाठी पैसा उभा केला, त्याचे मूळ इथे आहे.

१८९२ मध्ये डेबूजीचे लग्न कुंताबाईशी झाले. पहिल्या मुलीच्या बारशाला भावकीने रीतीप्रमाणे बकरे आणि दारूची अपेक्षा धरली होती. डेबूजीने गोडाचे जेवण घातले. जातीत कुजबुज झाली, काही जण रुसले. आज ही गोष्ट किरकोळ वाटेल. ज्या घरातला बाप दारूने गेला आणि ज्या समाजात दारूशिवाय कार्य होत नसे, तिथे एका तरुण शेतमजुराने भरल्या पंगतीत ही रीत मोडली, हे त्याच्या सगळ्या पुढच्या कामाचे पहिले पाऊल आहे. दापुऱ्याला कधी स्मृतिफलक लागला तर त्यावर कोरायला हाच प्रसंग योग्य ठरेल.

१८९९-१९०० च्या दुष्काळाने वऱ्हाडाची कंबर मोडली. त्यानंतर काही वर्षांनी, १ फेब्रुवारी १९०५ रोजी, डेबूजीने घर सोडले. अंगावर चिंध्यांची गोधडी, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच, हातात काठी आणि डोक्यावर मातीचे गाडगे. हे गाडगे फुटकेच असे. उन्हापावसात ते टोपी होई, भूक लागली की त्यातच कोरडी भाकर आणि कालवण पडे, तहान लागली की त्यानेच नदीचे पाणी उपसता येई. भिक्षेत मिळालेले अन्न खाल्ल्यावर ते राखेने घासून पुन्हा डोक्यावर चढे. कुंभाराच्या दारात टाकून दिलेल्या वस्तूने एका माणसाचा सगळा संसार भागला. लोकांनी नावही या वेषावरूनच ठेवले. कुठे चिंधेबुवा, कुठे गोधडेमहाराज, आणि शेवटी सगळीकडे गाडगेबाबा.

कामाची पद्धत ठरलेली होती. गावात शिरायचे, कुणाशी न बोलता खराटा उचलायचा आणि रस्ते, पार, नाली झाडत सुटायचे. आधी लोक वेडा समजून हसत. दुपारपर्यंत दोन-चार पोरे हाताशी येत, तिसऱ्या प्रहरी मोठी माणसे लाजून खराटा हातात घेत. संध्याकाळी त्याच झाडलेल्या जागेवर कीर्तन. ते कीर्तन हरदासी थाटाचे नव्हते. बाबा वऱ्हाडी बोलीत प्रश्न टाकत आणि समाज एकमुखाने उत्तर देई. देव कुठे राहतो, बकरे कापून देव पावतो का, कर्ज काढून लग्न का करता, पोराला शाळेत का घालत नाही, असे एकामागून एक प्रश्न. श्रोत्यांकडून हवे ते उत्तर निघेपर्यंत प्रश्न थांबत नसे. पाया पडायला कुणी पुढे आले की बाबा काठी उगारत. आपला कुणी शिष्य नाही, आपण कुणाचे गुरू नाही, हे ते परत परत सांगत. प्रबोधनकार ठाकरे आणि गो. नी. दांडेकर हे अगदी वेगळ्या पिंडाचे दोन लेखक त्यांच्याकडे ओढले गेले आणि दोघांनीही त्यांचे चरित्र लिहिले, यावरून त्या कीर्तनाची ताकद कळते. नोव्हेंबर १९५६ मध्ये मुंबईत वांद्र्याला झालेल्या त्यांच्या कीर्तनाचे ध्वनिमुद्रण झाले आणि तो आवाज पुढच्या पिढ्यांना मिळाला. १९७७ मध्ये राजदत्त यांनी त्यांच्यावर ‘देवकीनंदन गोपाला’ हा चित्रपट काढला. त्यात बाबांची भूमिका डॉ. श्रीराम लागू यांनी केली होती.

बाबांचे पहिले मोठे बांधकाम शेंडगाव-दापुऱ्यापासून फार दूर नाही. पूर्णेकाठच्या ऋणमोचनला पौषातल्या रविवारी यात्रा भरते. नदीत उतरण्याची वाट काळ्या मातीची. ओल लागली की ती माती लोण्यासारखी होते, पाय टाकला की गुडघ्यापर्यंत रुततो किंवा सरळ घसरतो. म्हातारी माणसे आणि कडेवर लेकरे घेतलेल्या बायका दर वर्षी पडत. बाबांनी एकट्याने कुदळ घेऊन उताराला पायऱ्या खोदायला सुरुवात केली. खोदायचे, दगड रचायचे, मुरूम टाकायचा, दाबायचा. यात्रेकरूंनी आपल्या पायाखालची जागा घट्ट होताना पाहिली आणि तेही दगड आणू लागले. १९०८ मध्ये तिथे पक्का घाट झाला. बाबांच्या पुढच्या सगळ्या धर्मशाळा, सदावर्ते आणि शाळा याच रीतीने उभ्या राहिल्या : गरज डोळ्यांसमोर, सुरुवात स्वतःच्या हाताने, पैसा लोकांचा, आणि मालकी कुणाचीच नाही.

मालकी न ठेवण्याबाबत ते कमालीचे कठोर होते. लाखो रुपयांच्या इमारती उभ्या राहत असताना कुंताबाई झोपडीत राहत होत्या. आपल्या किंवा नातेवाइकांच्या वारशाचा हक्क कोणत्याही संस्थेवर लागू नये, याची त्यांनी काळजी घेतली. ८ फेब्रुवारी १९५२ रोजी गाडगे महाराज मिशन स्थापन झाले आणि संस्थांचा कारभार त्याकडे गेला.

पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा हे या सगळ्यात सर्वांत अर्थपूर्ण बांधकाम म्हटले पाहिजे. चोखोबांची समाधी महाद्वाराबाहेर आहे. विठ्ठलाच्या दर्शनाला शेकडो कोस चालून येणाऱ्या महार वारकऱ्याला देवळात प्रवेश नव्हता आणि पंढरपुरात पाठ टेकायला जागाही मिळत नव्हती. वारीच्या पावसात ही माणसे चंद्रभागेच्या वाळवंटात उघड्यावर पडत. १९१७ मध्ये बाबांनी त्यांच्यासाठी धर्मशाळा बांधली. मंदिर त्यांना उघडले ते पुढे तीस वर्षांनी, साने गुरुजींच्या मे १९४७ मधील उपोषणानंतर. तोवर त्या वारकऱ्यांच्या डोक्यावर छप्पर होते ते एका वऱ्हाडी परटाने मागून आणलेल्या पैशाचे. ही धर्मशाळा बाबांनी पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली. दोघांचा एकमेकांवर लोभ होता. एक विलायतेतून पदव्या घेऊन आलेला, दुसरा अक्षरशत्रू, आणि तरी शिक्षणाबद्दल दोघांचे मत तंतोतंत एक.

खुद्द अमरावतीत मंदिरप्रवेशाचा प्रश्न याच काळात पेटला होता. १९२७ मध्ये अंबादेवी मंदिर अस्पृश्यांना खुले करावे म्हणून चळवळ उभी राहिली, त्यात पंजाबराव देशमुख पुढे होते. नोव्हेंबर १९२७ मध्ये आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली शहरात परिषद भरली. पंजाबराव कायद्याच्या आणि संघटनेच्या वाटेने गेले, आंबेडकर हक्काच्या वाटेने, बाबा खराट्याच्या वाटेने. २६ जानेवारी १९५० रोजी संविधानाच्या कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट झाल्याचे जाहीर केले आणि १९५५ मध्ये ती पाळणे कायद्याने गुन्हा ठरले. कायदा येण्याआधी खेड्यापाड्यातल्या लाखो माणसांनी त्यामागचा विचार पारावर बसून, आपल्याच बोलीत ऐकलेला होता. बाबांच्या कीर्तनाचे हे योगदान इतिहासाच्या पुस्तकांत नीट मोजले गेलेले नाही.

धर्मशाळांची कल्पना बाबांनी तीर्थक्षेत्रांपुरती ठेवली नाही. नाशिक, आळंदी, देहू झाल्यावर त्यांचे लक्ष दवाखान्यांकडे गेले. मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ १९५४ मध्ये त्यांनी रुग्णांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा उभी केली. खेड्यातून पेशंट घेऊन आलेला माणूस फुटपाथवर झोपतो, हे त्यांनी पाहिले होते. कर्मवीर भाऊराव पाटलांशी त्यांचे नाते जिव्हाळ्याचे होते आणि १९५४ मध्ये कराडला निघालेल्या भाऊरावांच्या रयत शिक्षण संस्थेच्या महाविद्यालयाला सद्गुरू गाडगे महाराजांचे नाव मिळाले. वऱ्हाडात चांदूर बाजार तालुक्यातील नागरवाडीला आश्रम आणि शाळा आहे, मूर्तिजापूरला गोरक्षण आणि धर्मशाळा आहे.

६ डिसेंबर १९५६ रोजी आंबेडकर गेले. त्यानंतर चौदा दिवसांनी, २० डिसेंबरला, आजारी बाबांना मोटारीतून अमरावतीला नेत असताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर त्यांचा प्राण गेला. त्यांनी आपल्या माणसांना बजावून ठेवले होते : मरेन तिथेच अंत्यसंस्कार करा, मूर्ती, समाधी, स्मारक किंवा मंदिर काही बांधू नका, झालेले काम हेच स्मारक समजा. लोकांच्या प्रेमाला हे मानवले नाही. अमरावतीत समाधी झाली, भोवतालची वस्ती गाडगेनगर झाली आणि दर डिसेंबरला तिथे पुण्यतिथीचा सोहळा होतो. भक्तांना दोष देण्याचे कारण नाही. आयुष्यभर कुणालाही पायाला हात लावू न देणाऱ्या माणसाला शेवटी तरी नमस्कार करावा, ही ओढ माणसाची आहे.

अमरावतीच्या राजापेठेतून निघून शहर ओलांडत वलगावच्या वाटेला लागले की हा सगळा इतिहास ओळीने भेटतो. थोडे आत वळले तर अंबादेवीचे देऊळ, पुढे इर्विन चौक, मग पंचवटी चौकात पंजाबरावांचा पुतळा, त्यानंतर गाडगेनगर, आणि शहर मागे पडल्यावर पेढीकाठी वलगावची निर्वाणभूमी. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या अमरावती विद्यापीठाला २००५ मध्ये संत गाडगेबाबांचे नाव देण्यात आले. एका निरक्षर माणसाच्या नावाने पदव्या दिल्या जातात, याचा वऱ्हाडाला अभिमान आहे आणि तो रास्त आहे. राजापेठेपासून वलगावपर्यंतचा हा रस्ता दहा-बारा किलोमीटरांचा. अस्पृश्यतेविरुद्धच्या लढ्याचा एवढा मोठा भाग एवढ्या थोड्या अंतरात दुसरीकडे क्वचितच सापडेल.

सुधारकाच्या बालपणाच्या घराचे स्मारक करण्याची रीत जगभर आहे. इंग्लंडमध्ये हल शहरात विल्यम विल्बरफोर्स यांच्या जन्मघराचे १९०६ मध्ये संग्रहालय झाले. १८०७ मध्ये ब्रिटिश साम्राज्यातील गुलामांचा व्यापार कायद्याने बंद झाला त्यामागे विल्बरफोर्स होते. त्या घरात त्यांच्या खुर्ची-टेबलापेक्षा गुलामांच्या व्यापाराचा इतिहास अधिक जागा व्यापतो, आणि तेच त्याचे मोठेपण आहे. महाराष्ट्रात सातारा जिल्ह्यातील नायगावला सावित्रीबाई फुल्यांचे जन्मघर जपले आहे. अमरावती जिल्ह्यातच तुकडोजी महाराजांचे जन्मगाव यावली आणि पंजाबरावांचे पापळ आहे. एकाच जिल्ह्यात अशी तीन जन्मगावे आहेत. त्यांच्या स्मारकांचा विचार एकत्र झाला तर प्रत्येक गावात स्वतंत्र सभागृह आणि स्वतंत्र प्रवेशद्वार बांधण्याचा खर्च वाचेल.

शेंडगावसारख्या ठिकाणी स्मारकाभोवती उद्यान करायचे तर जमीन समजून घ्यावी लागते. पूर्णेच्या खोऱ्यातला मोठा भाग खारपाणपट्ट्यात मोडतो. दर्यापूर, भातकुली, मूर्तिजापूर आणि अंजनगाव सुर्जीची काही गावे त्यात येतात. विहिरीचे आणि बोअरचे पाणी खारट. असे पाणी सतत दिले तर मातीच्या तोंडावर पांढरे क्षार साचतात, माती आवळते आणि नाजूक झाडे करपतात. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते, त्यामुळे मुरुमाची भर न घालता बसवलेल्या फरशा दोन पावसाळ्यांत वरखाली होतात. हिरवळ आणि कारंजे ही या भूमीत महाग आणि अल्पायुषी गोष्ट आहे. कडुनिंब, बाभूळ, बोर, चिंच ही झाडे इथे आपली आहेत. त्यांच्यासाठी पावसाचे पाणी शेततळ्यात साठवावे लागते, जसे या पट्ट्यातला शेतकरी आपल्या पिकासाठी साठवतो. निंबाच्या सावलीत पार, गोड्या पाण्याची सोय, बाहेरगावच्या माणसाला रात्र काढायला खोली, पोरांना अभ्यासाला दिवा असलेली जागा : बाबांनी जिथे जिथे बांधले तिथे याच चार गोष्टी बांधल्या होत्या.

दापुऱ्याचाही विचार यात हवा. जन्मतारीख शेंडगावची असली तरी डेबूजीचा गाडगेबाबा होण्याची तयारी दापुऱ्याच्या वावरात झाली. तिथे मोठी इमारत नको. वखर, डवरा, पाभर, दावे, घागर, गाडगे आणि सावकारी कागदाचा नमुना एवढे ठेवलेली एखादी खोली पुरेशी आहे, आणि तो कागद वाचून दाखवणारा गावातलाच एखादा शाळकरी मुलगा किंवा मुलगी. डेबूजीच्या मामाला जे वाचता आले नाही ते दापुऱ्याच्या लेकरांनी पाहुण्यांना वाचून दाखवावे.

देखभालीचा प्रश्न सर्वांत शेवटी येतो आणि स्मारके बहुधा तिथेच हरतात. उद्घाटनाला पैसा मिळतो, झाडलोटीला मिळत नाही. गाडगेबाबांच्या स्मारकात कागदाचे कपटे आणि प्लास्टिकच्या बाटल्या पडलेल्या दिसल्या तर ते इतर कुठल्याही स्मारकापेक्षा जास्त टोचते. म्हणून आराखड्यात इमारतीच्या खर्चाशेजारी दर वर्षीच्या झाडलोटीचा खर्च आणि त्याची जबाबदारी असलेल्या माणसाचे पद लिहिलेले असावे. २३ फेब्रुवारी आणि २० डिसेंबर या दोन दिवशी शाळांची मुले खराटे घेऊन येतात, पाहुणेही फोटोपुरता खराटा हातात धरतात. उरलेल्या ३६३ दिवसांचे काम ग्रामपंचायतीच्या सफाई कामगाराचे असते आणि त्याचा पगार वेळेवर होणे हा स्मारकाच्या आराखड्याचाच भाग धरायला हवा. ऋणमोचनला यात्रेच्या आदल्या दिवशी घाटाच्या पायऱ्यांवरचा गाळ काढावा लागतो. पूर्णा दर पावसाळ्यात तो पुन्हा आणून टाकते आणि दर पौषात कुणीतरी तो पुन्हा काढतो.